तीनशे पासष्टने भागलेलं वय

ज्या पत्राला मी चौतीस वर्षं उत्तर दिलं नाही, ते माझ्यापुढे आलं तेव्हा मी उपमा खात होतो. इंगळेबाईंनी ते माझ्या डब्याच्या झाकणावरच ठेवलं.

"घ्या भाऊ, अजून एक," त्या म्हणाल्या. "एक जूनवाली दिसते."

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा ऑगस्ट होता. अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत मी सांख्यिकी सहायक होतो. कचेरीचं नाव लिहीत नाही, त्यातली पुष्कळ माणसं अजून हयात आहेत. परिचारिका प्रशिक्षणासाठी विभागातल्या मुलींची निवड करायचं काम आमच्याकडे होतं, आणि त्या वर्षी ते पहिल्यांदाच संगणकावर झालं होतं. संगणकाची खोली म्हणजे कचेरीतलं देवघर. थंड हवेचं यंत्र फक्त तिथेच, दाराला पडदा, आणि बाहेर पाटी : चपला येथे काढाव्यात. आत जायची मुभा दोघांनाच होती. अर्जांतली माहिती टाइप करणाऱ्या इंगळेबाई, आणि मी.

मी संगणक पुस्तकातून शिकलो होतो. शिकवणारं कोणी नव्हतं आणि असतं तरी मी विचारलं नसतं. पन्नास माणसांच्या कचेरीत तोंड उघडण्यापेक्षा चारशे पानांचं इंग्रजी पुस्तक तीनदा वाचणं मला सोपं जाई. साहेबांनी ते बघून काम माझ्याकडे दिलं, आणि तेव्हापासून लोक मला हुशार समजू लागले. मला मात्र रोज वाटायचं की आज हे उघडकीला येणार.

एक जूनचं प्रकरण सांगतो. आमच्याकडे पोराला शाळेत आणलं की गुरुजी जन्मतारीख विचारत. आईबापांना पूर, लग्न, म्हैस विकली ते साल असं काहीतरी आठवे, तारीख नाही. मग गुरुजी दाखल्यावर एक जून लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा पोर सहा वर्षांचं दिसलं म्हणजे झालं. त्यामुळे अर्धा जिल्हा एक जूनला जन्मलेला. इंगळेबाईंची स्वतःची तारीखही तीच होती.

आणि प्रशिक्षणाचा नियम असा, की एक जून अठ्ठ्याऐंशी रोजी उमेदवाराला पंचवीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. त्यामुळे एक जून त्रेसष्ट ही तारीख असलेल्या साठसत्तर मुली नेमक्या त्याच दिवशी पंचवीसच्या होऊन बाहेर पडल्या. त्यातल्या बऱ्याचजणींनी पत्रं लिहिली, की साहेब, ती तारीख गुरुजींनी टाकलेली आहे, मी खरी दिवाळीतली आहे. त्या पत्रांना छापील उत्तर जाई : दाखल्यावरील तारीख ग्राह्य.

मी उपमा संपवला, हात धुतले आणि पत्र उघडलं.

अक्षर वळणदार होतं, वहीचा आखीव कागद होता. पत्र पाठ झालंय, तरी कागद समोर ठेवूनच उतरवतो. स्वतःच्या आठवणीवर माझा फारसा विश्वास नाही.

'मु. पो. बोरखेडी. यंत्राच्या साहेबांस, वनमाला तुळशीराम सोनुने हिचा नमस्कार. मला वय जास्त म्हणून वगळले आहे. माझी तारीख ५ जून १९६३ आहे. शाळेत गुरुजी १ जूनच लिहीत होते, पण माझी आई अडून बसली. ती म्हणाली, पोरगी वटपौर्णिमेच्या आधीच्या बाजारी झाली. आमचा बाजार बुधवारी असतो. गुरुजींनी जुने पंचांग काढून पाहिले आणि ५ जून लिहिले. यंदा १ जूनलाही बुधवारच होता. म्हणजे माझ्या जन्मापासून त्या दिवशी बरोबर १३०४ आठवडे झाले. त्याचे दिवस ९१२८. पंचवीस वर्षांचे दिवस ९१३२ होतात. चार कमी पडतात. तरी यंत्राने पंचवीस पूर्ण धरले. यंत्र चुकत नाही असे सगळे म्हणतात, तेव्हा माझेच चुकले असेल. पण कुठे चुकले ते सापडत नाही. यंत्राने माझे वय कसे मोजले, एवढे कृपा करून कळवावे.'

खाली गुणाकार, बेरजा, सगळं पेन्सिलीने मांडलेलं.

"बाई," मी म्हणालो, "ही एक जूनवाली नाही. पाच जून आहे."

"अगं बाई! मग काऊन वगळली?"

"बघतो. पण हिचा हिशेब चुकलाय. पंचवीस गुणिले तीनशे पासष्ट नऊ हजार एकशे पंचवीस होतात. हिने बत्तीस लिहिलेत." आणि मी लाल पेन्सिलीने तिच्या ९१३२ वर काट मारून वर ९१२५ लिहिलं. ते लाल आकडे आजही त्या कागदावर आहेत.

इंगळेबाईंनी आकड्यांकडे पाहिलं नाही. त्यांनी बोटांवर मोजलं. "भाऊ, पाच जून अजून यायचा होता ना? एक तारखेला वाढदिवस झालाच नाही तर पंचवीसची कशी झाली ती?"

आम्ही चपला काढून आत गेलो.

त्या काळच्या पडद्यावर काळ्यावर हिरवी अक्षरं यायची. आम्ही डीबेस वापरायचो. ती माहिती साठवायची आणि तिच्यावर हिशेब करायची भाषा. तिच्यात मला सर्वांत आवडायची ती एक गोष्ट : तारखेतून तारीख वजा करता यायची. आपण माणसं महिन्यांत अडकतो, तीस की एकतीस, हातचा किती. त्या भाषेला आतून सगळ्या तारखा म्हणजे एकामागोमाग एक लावलेले दिवसांचे आकडे. दोन तारखा द्या, वजाचं चिन्ह टाका, मधले दिवस हजर. मी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा माझी जन्मतारीख आणि त्या दिवसाची तारीख घेऊन वजाबाकी केली होती, आणि आलेला आकडा चिठ्ठीवर लिहून आठवडाभर खिशात बाळगला होता.

मी सोनुनेबाईंची नोंद काढली. जन्मतारीख बरोबर टाइप झालेली. वय : २५.

"माझं टायपिंग बरोबर आहे, नीट पाहून घ्या," इंगळेबाई म्हणाल्या. "मागाहून माझ्या नावावर नको."

"तारखेचा क्रम उलटला असेल. ही भाषा अमेरिकन आहे. तिकडे महिना आधी लिहितात. पाच जूनचा सहा मे झाला असेल."

तेही नव्हतं. क्रम मी सुरुवातीलाच आपल्याकडचा करून घेतला होता. मग प्रश्नचिन्ह टाइप करून मी नुसती वजाबाकी दिली, एक जून अठ्ठ्याऐंशी वजा पाच जून त्रेसष्ट. खाली आलं : ९१२८.

"बाजारवाल्या आईनं बरोबर सांगितलं की," इंगळेबाई खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसल्या. "भाऊ, आता एक करा. सहा जूनची पोरगी टाका. खोटीच."

टाकली. पंचवीस.

"सात जून."

पंचवीस.

"आठ."

पंचवीस.

"अहो, हे तं कोणालाच सोडत नाही! नऊ टाका."

चोवीस.

आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाईट वगैरे काही वाटत नव्हतं. मला फार मजा येत होती. कुठेतरी एक रेघ होती आणि ती जिथे असायला हवी त्यापासून बरोबर सात दिवस सरकली होती. आठ नाही, सहा नाही. सात.

"सातच काऊन?" इंगळेबाई म्हणाल्या. "आठवड्याचे सात असतील का?"

"नाही नाही. आठवडा कुठे आला यात." मी माझ्या प्रोग्रामचा कागद काढला. वयाची ओळ एकच होती. दिवस मोजायचे, तीनशे पासष्टने भागायचे, अपूर्णांक टाकून द्यायचा. पुस्तकात अगदी असंच दिलं होतं, एकशे बाराव्या पानावर. मी ते पान शिपायाकडून मागवून घेतलेल्या चहाशेजारी उघडून ठेवलं, शब्द न् शब्द ताडला. माझी ओळ पुस्तकाबरहुकूम होती.

मग नजर पुन्हा पत्रावर गेली. माझे लाल ९१२५, खाली तिचे काटलेले ९१३२. तिच्या आकड्यातून माझा वजा केला.

"सात," मी म्हणालो.

"काय सात?"

"बाई, हिने सात दिवस जास्त कुठून आणले?" मी बोटं मोजायला लागलो. "चौसष्ट. अडुसष्ट. बहात्तर. शहात्तर. ऐंशी. चौऱ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी." हाताची पाच संपून दुसऱ्या हाताची दोन झाली होती. "फेब्रुवारीतल्या एकोणतीस तारखा! पंचवीस वर्षांत सात वेळा एकोणतीस फेब्रुवारी आली. तिने ते सात दिवस धरलेत, मी नाही धरले. माझं वर्ष दर वेळी तीनशे पासष्टचंच. म्हणून माझ्या हिशेबात माणूस पंचविसाव्या वाढदिवसाच्या सात दिवस आधीच पंचवीसचा होतो."

"म्हणजे खेड्यातल्या पोरीचा हिशेब बरोबर, आणि आपल्या देवघराचा चूक," इंगळेबाई म्हणाल्या. "भाऊ, अशा किती असतील?"

मजा तिथे संपली.

आम्ही यादी काढली. दोन ते आठ जून त्रेसष्ट या सात दिवसांत जन्मलेल्या, वयामुळे वगळलेल्या. एरवी पुष्कळ निघाल्या असत्या, पण गुरुजींनी सगळ्यांना एक जूनला जन्माला घातल्यामुळे निघाल्या फक्त नऊ. त्यांचे दहावीचे गुण पाहिले. आठजणींचे गुण निवडीच्या रेषेखाली होते, वयात बसल्या असत्या तरी त्या लागल्या नसत्या. नवव्या मुलीचे एकसष्ट टक्के होते. तिच्या जिल्ह्यात शेवटची मुलगी सत्तावन्न टक्क्यांवर घेतली होती.

ती नववी मुलगी म्हणजे वनमाला सोनुने.

"पुढच्या साली तं ती खरंच बाद," इंगळेबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आता पंचवीस झाले तिले. हीच शेवटची खेप होती." मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "पण ऐका. तिच्याच जिल्ह्यातल्या केंद्रावरून एक पोरगी लग्न ठरलं म्हणून सोडून गेली, कालच कागद आला. जागा रिकामी आहे. वीस तारखेपर्यंत भरता येते. आज अकरा. जा तुम्ही साहेबांकडे."

"आज?"

"नाही तं काय, मुहूर्त काढता?"

मी दुसऱ्या दिवशी गेलो. रात्रभर वाक्य तयार केलं होतं. राजुरकर साहेब खिडकीशी उभे राहून सुपारी कातरत होते. माणूस तापट, पण कोणाचं मुद्दाम वाईट केल्याचं मला आठवत नाही.

"या गर्गे. आणि चपला कुठंयत तुमच्या?"

मी खाली पाहिलं. संगणकाच्या खोलीतून तसाच आलो होतो, अनवाणी.

"राहिल्या, साहेब."

"देवळातून आल्यासारखे आलात. बोला."

तयार केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. मी फेब्रुवारीपासून सुरुवात केली, मग आठवड्यांवर गेलो, मग वटपौर्णिमेवर. साहेबांनी अडकित्ता टेबलावर ठेवला.

"गर्गे, थोडक्यात सांगा. काहीतरी चुकलंय का?"

"हो, साहेब. वयाचा हिशेब. एका मुलीवर अन्याय झालाय. गुणांत बसते ती."

"कोणी चुकवला हिशेब? इंगळेबाईंनी तारीख चुकीची टाकली?"

"नाही नाही, साहेब. बाईंचं टायपिंग बरोबर आहे."

"मग? मशीन चुकलं?"

आजवर मी तो क्षण अनेकदा पुन्हा घडवून पाहिला आहे. खिडकीतून सायकलस्टँड दिसत होता. साहेब माझ्याकडे बघत होते, रागानं नव्हे, नुसतंच. एवढं म्हणायचं होतं : मी चुकलो. दोन शब्द.

"हो, साहेब," मी म्हणालो. "मशीन चुकलं."

साहेब खाली बसले. मग म्हणाले, "दार लोटा."

मी दार लोटलं.

"गर्गे, ही यादी वर गेलीय. मशीननं झालेली पहिली यादी म्हणून माझी पाठ थोपटलीय वर. आता मशीन चुकतं असं आपण लेखी दिलं तर काय होईल? अकराशे मुली आहेत. त्यातली प्रत्येक उद्या म्हणेल, माझंही चुकलं असेल. उमेदवारांचे बाप, भाऊ, आमदार, सगळे दारात. सबंध यादी रद्द. जिथे लागल्यात तिथून चारशे मुली परत घरी."

"पण साहेब, एकच मुलगी..."

"एकच असती आणि माणसाची चूक असती ना, तर मला काही अडचण नव्हती. कारकुनानं अमुक चूक केली, ती दुरुस्त करण्यात येत आहे. एका ओळीचं शुद्धिपत्रक. दर वर्षी दोनतीन काढतो मी. माणूस चुकतो, हे सगळ्यांना मान्य आहे. मशीनला ती सोय नाही." त्यांनी पुन्हा अडकित्ता उचलला. "पुढच्या वर्षीच्या आधी तेवढं दुरुस्त करून घ्या. आणि त्या पत्राला उत्तर देऊ नका. उत्तर दिलं की पुरावा होतो. अजून काही?"

आता तर त्यांनी दारच उघडून दिलं होतं. एका ओळीचं शुद्धिपत्रक. रिकामी जागा. आठ दिवस. आणि माझ्या हातात प्रोग्रामची ती ओळ लिहिलेला कागद, माझ्याच अक्षरात, तीनशे पासष्ट.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

बाहेर इंगळेबाई उभ्या होत्या. "काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

"आणि पत्राचं?"

"ते मी बघतो."

त्या समाधानानं मान हलवून गेल्या. वीस तारखेपर्यंत मी रोज साहेबांच्या केबिनपर्यंत जायचो. एकदा दारावर टकटक केली आणि त्यांनी "कोण?" म्हटल्यावर हजेरीपट मागून परत आलो. वीस तारखेला शनिवार होता. रिकामी जागा तशीच राहिली. कोणालाच मिळाली नाही.

प्रोग्राम मी दुरुस्त केला. वय काढायला दिवस मोजायचेच नसतात. सालातून साल वजा करायचं आणि विचारायचं, या साली वाढदिवस होऊन गेला का? नसेल तर एक कमी. इंगळेबाईंनी बोटांवर मोजून पहिल्या मिनिटाला सांगितलं होतं तेच. चार ओळी लागल्या. पुढची अठरा वर्षं, मी निवृत्त होईपर्यंत, त्या ओळी एकदाही चुकल्या नाहीत. मला त्यासाठी एकदा प्रशस्तिपत्रही मिळालं.

सोनुनेबाईंच्या पत्राला उत्तर लिहायला मी बसलो होतो. तीनचार वेळा तरी. दर वेळी पहिलं वाक्य जमायचं, दुसऱ्यात कर्ता कोण लिहायचा तिथे पेन थांबायचं. हिशेब चुकला, असं लिहिलं की खोटं वाटे. दुसरं लिहायचं धैर्य नव्हतं. मग वाटायचं, कोण जाणे, तिचं लग्न झालं असेल, मुलंबाळं असतील, विसरली असेल. स्वतःच्या सोयीचं वाटायला माणसाला फार हुशारी लागत नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये इंगळेबाईंना फोन केला. आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सअॅप गटावर एक जूनला तेवीस वाढदिवस असतात, सकाळपासून फुलं आणि केक यांचा पूर येतो. मला ते जमत नाही, मी फोन करतो. बाई आता नागपुरात मुलीकडे असतात, गुडघे गेलेत, आवाज शाबूत.

"पंचाहत्तर झाले भाऊ, गुरुजींच्या हिशेबानं," त्या हसत म्हणाल्या. "खरे किती ते माझी माय घेऊन गेली." मग इकडचं तिकडचं बोलता बोलता त्यांनी विचारलं, "ती पोरगी आठवते का हो? बुधवार मोजणारी?"

मी "हो" म्हणालो.

"साहेबांनी काही केलं नाही ते कळलं होतं मले. राग आला होता. पण मी म्हणायची, गर्गेभाऊंनी तिले उत्तर तरी धाडलं असेल. काय लिहिलं होतं तुम्ही?"

टेलिफोनवर गप्प राहिलं की फारच मोठ्यानं ऐकू जातं.

"भाऊ? धाडलं नाही?"

"नाही."

"अन् ती नोकरी नाही मागत होती पत्रात. तिनं एवढंच विचारलं होतं, माझं कुठे चुकलं." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हसू गेलं होतं. "मग चौतीस साल काय समजली असेल ती? आपल्यालेच मोजता येत नाही, असंच ना?"

त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा गुडघ्यांना तेल लावा असं काहीतरी म्हणालो असेन.

त्या दिवसापर्यंत मी समजत होतो की मी तिची जागा घालवली. ते तर होतंच. पण जागा साहेबांच्या, नियमांच्या, वीस तारखेच्या हातात होती असं मला स्वतःला समजावता येई. हे दुसरं फक्त माझ्या हातात होतं. त्याला ना शुद्धिपत्रक लागत होतं ना परवानगी. एक पोस्टाचं पाकीट लागत होतं.

मी बसलो आणि लिहिलं. अर्ध्या तासात झालं.

'सौ. किंवा श्रीमती वनमालाताई सोनुने यांस, सप्रेम नमस्कार. आपण ९ ऑगस्ट १९८८ रोजी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत आहे. आपला हिशेब बरोबर होता. १३०४ आठवडे बरोबर, ९१२८ दिवस बरोबर, ९१३२ बरोबर. १ जून १९८८ रोजी आपलं वय चोवीस वर्षं, अकरा महिने, सत्तावीस दिवस होतं. आपण पात्र होता आणि गुणांतही बसत होता. यंत्राने दिवस मोजून त्यांना ३६५ ने भागलं. त्यात लीप वर्षांचे सात दिवस धरलेच गेले नाहीत. तसं भागायला यंत्राला मी सांगितलं होतं. आपलं पत्र वाचून ते माझ्या त्याच दिवशी लक्षात आलं. तेव्हा एक जागा रिकामी होती. मी चुकलो असं मी साहेबांना सांगितलं असतं तर ती आपल्याला मिळाली असती. मी यंत्र चुकलं असं सांगितलं. आपलं कुठेही चुकलं नव्हतं.'

माफी मागावी का, यावर थोडा अडलो. मग वाटलं, माफी मागितली की ती देण्याचं काम तिच्या अंगावर पडतं. लिहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात गेलो. खिडकीत तिशीची एक मुलगी होती, चष्मा कपाळावर चढवलेला.

"स्पीडपोस्ट करायचंय," मी म्हणालो.

तिनं पत्ता वाचला. "आजोबा, नुसतं नाव आणि गाव? घेणाऱ्याचा मोबाइल नंबर?"

"नाही माझ्याकडे."

"नातेवाईक आहेत?"

"नाही. त्यांनी पत्र पाठवलं होतं, त्याचं उत्तर आहे."

"मग त्या पत्रावर नंबर असेल ना."

"तेव्हा नव्हते नंबर."

तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "हे माहेरचं आडनाव आहे का? लग्न झालं असेल तर गावात असतील का त्या?"

"माहीत नाही. भाऊ असतील. कोणीतरी पोचवेल."

"नाही सापडल्या तर परत येईल हं तुमच्याकडे." तिनं पाकीट उलटं केलं, मग पुन्हा सुलटं. "पण परत तरी कुठे यायचं? पाठवणाऱ्याचं नावच नाही लिहिलंत. आत लिहिलंय?"

आतही नव्हतं. सही राहिली होती. राहिली होती असं मी म्हणतो. पाकीट मी घरून डिंकानं घट्ट चिकटवून आणलं होतं.

"तसंच नाही जात का?" मी विचारलं.

"नाही जात, आजोबा. पाठवणारा कोण ते लागतंच."

माझ्या मागे रांगेत एक गृहस्थ घसा खाकरत होते. मी पाकीट परत मागितलं, काउंटरच्या कडेनं अलगद फोडलं आणि कागद बाहेर काढला. तिनं दोरीला बांधलेलं पेन पुढे केलं. शेवटच्या ओळीखाली मी लिहिलं, मोरेश्वर नारायण गर्गे, प्रोग्राम लिहिणारा. मग कागद आत घातला, तिनं दिलेल्या खळीनं पाकीट चिकटवलं आणि डाव्या कोपऱ्यात पुन्हा नाव, खाली घर नंबर, गल्ली, अकोला, पिनकोड, असं सगळं सावकाश लिहिलं. मोबाइल नंबरही लिहिला.

"आता कसं," ती म्हणाली. तिनं पाकीट वजन करून त्यावर पट्टी चिकटवली, पावती माझ्याकडे सरकवली, आणि न बघताच हात मागे नेऊन ते पोत्यात टाकलं.